बक्कल उजळण्याआधी

आमच्या समोरच्या खोलीत पट्ट्यांचं काम चालतं. बॅगेचे पट्टे, कमरेचे, वाद्यांच्या पेट्यांचे, कुत्र्यांचे, पायाला लावायच्या कॅलिपरचे. नवं क्वचित. बहुतेक जुन्याचं नवं करणं. अशा वस्तूत चामडं गेलेलं असतं आणि धातू टिकलेला असतो. बक्कलं आणि कड्या उतरवायच्या, स्वच्छ करायच्या, नव्या चामड्यावर चढवायच्या. रिव्हेट तेवढे नवे.

कारागीर माझ्याच वयाचा. लोक त्याला तोंडावर उस्ताद म्हणतात आणि माघारी फूटपट्टी, कारण तो चहाचा कप ठेवतानासुद्धा टेबलाच्या कडेपासूनचं अंतर बघतो. मला लिहायचं आहे त्याच्या बायकोबद्दल. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भावोजी म्हणतात. नातं काही नाही, मधे फक्त एक बोळ आहे.

वहिनींचं काम धातूचं. लग्न होऊन आल्या त्याच महिन्यात उस्तादनं एक डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "एवढं धुऊन दे." ते एवढं अडतीस वर्षं चाललं.

मागच्या मोरीजवळ बुटकं स्टूल, पुढ्यात एनॅमलची थाळी, शेजारी जुना टॉवेल. पाणी कोमट, त्यात साबणाचे दोन थेंब. दातांचा ब्रश मऊ, तोही घरात कुणीतरी वापरून आणखी मऊ केलेला. कोपऱ्यातल्या मळासाठी लाकडाची काडी. सुई कधीच नाही, सुईचा ओरखडा उठतो. पितळेवर हिरवा कळक चढला असेल तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचा एक थेंब घ्यायचा, तेवढ्याच जागी टेकवायचा, दहापर्यंत मोजायचं आणि लगेच साध्या पाण्यानं पुसून काढायचं. बुडवून ठेवायचं नाही. बक्कल चामड्यावरून उतरत नसेल तर खाली जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा सरकवायचा, म्हणजे चामड्याला पाणी लागत नाही. शेवटी पुसायचं, फुंकायचं, परत पुसायचं आणि खिडकीतल्या पत्र्यावर उन्हात ठेवायचं. एका बक्कलाला अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं आहे.

मी छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. तिथे धातू साफ करायचा म्हणजे खालचा धातू दिसेपर्यंत. त्यामुळे अकरा मिनिटं मला जास्तच वाटायची. त्याहून जास्त खटकायचं ते ब्रशला हात लावण्याआधीचं. वहिनी बक्कलं कोरडीच टॉवेलावर मांडायच्या, ज्या क्रमानं उतरली त्याच क्रमानं, आणि नुसत्या बघत बसायच्या. एकेक उचलायच्या, उजेडात फिरवायच्या, जागेवर ठेवायच्या.

"वहिनी, बघून मळ निघतो का?" मी एकदा विचारलं.

"निघत असता तर तुमच्या घरची भांडी मी इथे बसूनच घासली असती," त्या म्हणाल्या.

धुऊन झालं की थाळी उस्तादसमोर ठेवताना त्या एखादं वाक्य बोलायच्या. "हा बॅग डाव्या खांद्यावर घेतो." किंवा, "या कुत्र्याला कोणीतरी फार ओढतंय." मला वाटायचं, बायकांना गिऱ्हाइकाच्या चौकशा लागतात. उस्ताद हं म्हणायचा आणि कापायला घ्यायचा. त्याचे पट्टे अंगाला असे बसायचे की लोक लांबून शोधत यायचे.

गेल्या वर्षी उस्तादचा उजवा हात गेला. सकाळी चामडं शिवायची आरी हातातून पडली, उचलायला गेला तर बोटं ऐकेनात. मग दवाखाना, मग महिनाभर खाट. चालणं परत आलं. बोलणं त्याच्याही आधी परत आलं, आणि गेलं त्यापेक्षा जास्त आलं असं वहिनींचं म्हणणं. हात मात्र खांद्याला नुसता लोंबत राहिला. चार महिने टेबलावर कापड टाकलेलं होतं. गिऱ्हाइकं यायची, कापड बघायची आणि तब्येतीची चौकशी करून परत जायची.

एका सोमवारी दुपारी मी गेलो तर दोघांची जुंपली होती.

"फिटर, तूच सांग हिला," उस्ताद म्हणाला. "चौकातल्या बूटवाल्याला मी शब्द दिलाय. शनिवारी येऊन हत्यारं घेऊन जाईल. हत्यार पडून राहिलं की मरतं. चालत्या हातात गेलेलं बरं."

"माझा हात चालतो की," वहिनी म्हणाल्या.

"तू धुतेस."

"अडतीस वर्षं धुतेय. आता कापीन."

"कापणं म्हणजे काही..."

"भाजी चिरणं नव्हे. कालपण हेच म्हणालात. परवाही."

"रापी तुझ्या हातात कधी होती का?"

"तुम्ही दिली होती का?"

उस्तादनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. रापी म्हणजे चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. उस्तादच्या रापीला घरात दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. माझाही नाही, आणि हत्यारं मला कळतात.

टेबलावर एक कापडी पिशवी होती. वाचनालयाच्या बाईंची. बाई चाळिशीच्या, लहानपणापासून डाव्या पायाला कॅलिपर. म्हणजे दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या आणि पाय त्यांना बांधून ठेवणारे चामड्याचे पट्टे, दोन मांडीला, दोन गुडघ्याला. पिशवीतून त्यांच्या चार पट्ट्यांचा संच, आमच्या भाषेत जोडी, दुरुस्तीला आला होता. दुसरी जुनी जोडी त्या तोवर लावत होत्या, आणि ती गुडघ्यामागे काचत होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की दुकान बंद आहे. की सांगितलं होतं आणि वहिनींनी तरी ठेवून घेतलं, ते मला आजही ठाऊक नाही.

"हे एवढं करते," वहिनी म्हणाल्या. "बाईंना गुरुवारी देते. शनिवारपर्यंत त्या चालतील. पायाला वळ उठला तर द्या हत्यारं बूटवाल्याला, मी पिशवी भरून देईन. नाही उठला तर हे टेबल माझं."

उस्तादनं पिशवीकडे बघितलं. मग म्हणाला, "कॅलिपर आहे. कमरेचा पट्टा नव्हे. चुकलं तर माणूस पडतं."

"म्हणूनच तेच घेतलं."

"शनिवार," उस्ताद म्हणाला. म्हणजे मान्य.

संध्याकाळी बोळात वहिनी भेटल्या. हातात केराची बादली होती. "ह्यांना वाटतं मी हट्ट करतेय," त्या म्हणाल्या. "भावोजी, मला त्या टेबलावर बसायचंय. आल्या दिवसापासून. तेव्हा सांगितलं असतं तर लोक हसले असते. आता हसले तरी ऐकायला वेळ नाही." आणि बादली घेऊन गेल्या.

मंगळवारी सकाळी उस्तादला हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. वहिनींनी बक्कलं रात्रीच उतरवून टॉवेलावर मांडली होती. बघायची राहिली होती, कारण त्यांना दिव्याच्या उजेडात नीट दिसत नाही, खिडकीतलं ऊन लागतं. जाताना त्या किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या.

आता माझी चूक सांगतो. चार बक्कलं होती. मळलेली, काळवंडलेली, एकावर हिरवं. मला वाटलं, बाईमाणूस एवढी जोखीम घेतेय, आपण दोन तास मदत करायला काय हरकत आहे. घरून ड्रिल आणलं, त्याला कापडी चाक लावलं. आधी पॉलिश पेपर, जाड, मग बारीक, मग चाक. बक्कलाच्या चौकटीवर जिथे काटा टेकतो तिथे खाच पडली होती. ती कानशीनं सपाट केली. काट्याचं टोक एका बाजूला खाल्लेलं होतं, ते दोन्हीकडून सारखं केलं. मन लावून केलं. चारी बक्कलं सोन्यासारखी झाली. आमची ही दारात येऊन म्हणाली, "कारखाना सुटला, पण तुमचा हात काही सुटला नाही." मी ते कौतुक समजलो.

अकराला दोघं आली. वहिनी टॉवेलाजवळ गेल्या आणि उभ्याच राहिल्या. मग खाली बसल्या. एक बक्कल उचललं, खिडकीकडे फिरवलं, ठेवलं. दुसरं. गुडघ्याच्या खालच्या बक्कलाशी थांबल्या.

"याची खाच कुठल्या बाजूला होती?"

"कुठली खाच?"

"काटा टेकतो तिथली. आतल्या बाजूला होती का बाहेरच्या?"

मला आठवेना. मी सपाट केली होती. जे काढून टाकायचं ते लक्षात ठेवायची सवय मला नाही.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "पट्टा सरळ ओढला तर काटा मधोमध टेकतो. तिरका ओढला तर कडेला टेकतो आणि तिथेच धातू झिजतो. बारा वर्षं हे बक्कल त्या बाईंच्या पायाला आहे. मधे कोणीतरी चामडं काढून नायलॉनची पट्टी शिवली, ती काहीच सांगत नाही. बारा वर्षांचं सांगणारं एवढंच होतं."

  थाळी पुढे ठेवताना त्या बोलायच्या ती वाक्यं मला एकामागून एक आठवू लागली. हा डाव्या खांद्यावर घेतो. याला बसल्यावर पट्टा सैल करायची सवय आहे. चौकशा नव्हत्या त्या. मापं होती. उस्ताद त्याच मापांनी कापत आला होता.

"आणि वरचा मुलामा गेलाय," वहिनी म्हणाल्या. "निकेल होतं. आता खालचं पितळ घामानं हिरवं होईल, चामडं खाईल."

उस्ताद खुर्चीत बसला होता. "झालं," तो म्हणाला. "बूटवाल्याला आजच बोलावू. शनिवारची वाट कशाला बघायची?"

"शनिवार शनिवारीच येईल," वहिनी म्हणाल्या. त्यांनी चारी बक्कलं टॉवेलात गुंडाळली. मग मला म्हणाल्या, "उद्या सकाळी मोकळे आहात का? माझ्याबरोबर यायचं. पिशवी धरायला."

मी मोकळाच होतो. आणि नसतो तरी गेलो असतो.

वाचनालय नऊला उघडतं. एक लांब खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत कपाटं, मधे वाचायची टेबलं, आणि कपाटांना लावायची चाकांची शिडी. आम्ही टेबलाशी बसलो. वहिनींनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्या कडेवरून बाईंकडे बघू लागल्या. बाई टेबलापासून कपाटापर्यंत गेल्या, आल्या. परत गेल्या. वहिनींनी पान उलटलं.

"काय दिसतंय?" मी हळूच विचारलं.

"काही नाही. आपण बघतोय हे त्यांना कळलंय. सांभाळून चालतायत."

खरंच बाई पाटासारख्या सरळ चालत होत्या. परीक्षेला बसल्यासारख्या. अर्धा तास असाच गेला. शेवटी वहिनी उठल्या आणि टेबलाशी गेल्या.

"बाई, मला ते सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक पाहिजे."

"कुठलं, काकू?"

"जाड असेल ते."

"विषय कुठला?"

"विषय कसलाही चालेल. वरचं पाहिजे."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि शिडी ओढली. उजवा पाय पहिल्या पायरीवर. मग डावा ओढून शेजारी. दुसरी पायरी, तशीच. तिसऱ्या पायरीवर हात वर गेला, अंग फिरलं आणि सगळा भार डाव्या पायावर आला. गुडघा बाहेरच्या अंगाला वळला. या जोडीलाही नायलॉनचीच पट्टी होती, ती घसरून खाली आली. बाईंनी एका हातानं फळी धरली आणि दुसऱ्या हातानं, खाली न बघता, पट्टी वर ओढली. दिवसातून पन्नास वेळा करत असल्यासारखी.

"तशाच राहा," वहिनी म्हणाल्या. "बाई, हलू नका." आणि सरळ खाली गुडघ्यावर बसल्या. पदराच्या गाठीतून खडू काढला, नायलॉनवर एक रेघ मारली, बोटानं गुडघ्यामागची जागा चाचपली. तिथे घडी घातलेला रुमाल होता.

"हा कधीपासून?"

"सहा महिने. दोन्ही जोड्यांना लागतो," शिडीवरून बाई म्हणाल्या. "जिथे जाते तिथे मला चालून दाखवायला सांगतात. सपाट जमिनीवर. चालते मी नीटच. चढून दाखवा असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं."

"चढणं रोजचं आहे ना?"

"दिवसभर."

"मग पट्टा चढण्याचाच करायला हवा," वहिनी म्हणाल्या. "आणि भावोजी, तुम्ही काय बघताय, शिडी धरा."

मी शिडी धरली. बाई जाड पुस्तक घेऊन खाली उतरल्या आणि वहिनींच्या नावावर लिहू लागल्या. वहिनी म्हणाल्या, "लिहा, लिहा. ह्यांना वाचायला होईल." पुस्तक मधमाश्या पाळण्यावर होतं. उस्तादनं ते नंतर खरंच वाचलं, आणि महिनाभर आम्हाला राणीमाशीबद्दल ऐकावं लागलं.

त्या दुपारी टेबलावरचं कापड निघालं. उस्तादनं आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि पाठ करून बसला.

वहिनींनी आधी कागद कापला. मग टाकाऊ चामड्याचा तुकडा. तिसऱ्यांदा चांगलं चामडं घेतलं. रेघ मारली, ती सरळ नव्हती. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला अर्धं बोट उतरत जाणारी. रापी हातात घेतली, वजन बघितलं, टेकवली आणि ओढली. मी कारखान्यात नव्या माणसांचे पहिले हात पुष्कळ बघितलेत. पहिला हात एकतर घाबरतो, नाहीतर जास्त जोर करतो. वहिनींचा घाबरला. मधेच थांबला.

"उचलू नको," भिंतीकडून आवाज आला. "मधे उचललीस तर कड फाटते. दम घे, पण पातं तिथेच ठेव."

"तुम्ही पाठ करून बसलाय ना?"

"कान बंद नाहीत."

"मग तोंड तरी करा."

तरी पातं त्यांनी उचललं नाही. दम घेतला, पुढे ओढलं. कड एका सुतात आली. मी ती बोट फिरवून बघितली. वाखाणण्यासारखं काही नव्हतं आणि खोड काढण्यासारखंही नव्हतं.

थोड्या वेळानं उस्तादनं खुर्ची चतुर्थांश फिरवली. पट्टा बघितला. "वाकडा कापलास," तो म्हणाला.

"पाय तसाच वळतो."

"कोणी सांगितलं?"

"बघून आले."

 तो परत भिंतीकडे वळला नाही.

बक्कलांचं काम राहिलं होतं. मी केलेलं नुकसान भरून येण्यासारखं नव्हतं, त्यावर मुलामा आमच्यापैकी कोणाला चढवता येत नाही. वहिनींनी ती पुन्हा धुतली, कारण माझ्या पॉलिशचा तेलकट थर कोपऱ्यांत बसला होता आणि तो चामड्यात उतरला असता. काडीनं कोपरे काढले. वाळवली. मग मेणाचा अगदी पातळ हात दिला, मऊ फडक्यानं, आणि प्रत्येक बक्कलाखाली चामड्याचा छोटा पदर शिवला, म्हणजे पितळ पायाला टेकणार नाही. शिवणीला एक पूर्ण दिवस गेला. दर दोन टाक्यांनी उसवणं. बोटाला दोनदा आरी लागली. मी मदत करू का म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमची मदत झालीय."

गुरुवारी संध्याकाळी बाई पट्टे लावून गेल्या. जाताना काही बोलल्या नाहीत. नव्या पट्ट्याबद्दल पहिल्या दिवशी बोलायचं नसतं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. शुक्रवार तसाच गेला. वहिनींनी त्या दिवशी खिडक्या धुतल्या. दोनदा.

शनिवारी दहा वाजता बूटवाला हजर. खांद्यावर रिकामी पिशवी, तोंडात पान. चांगला माणूस आहे, फक्त घाईचा. "उस्ताद, काढू का हत्यारं?"

"बस," उस्ताद म्हणाला. "चहा घे."

चहा झाला. अकरा वाजले. बूटवाल्यानं आरी हातात घेऊन टोक बघितलं, ठेवली. "दुकानात पोऱ्या नाही, मी एकटा आहे," तो म्हणाला. "निघायला पाहिजे."

"वाचनालय एकला बंद होतं," वहिनी म्हणाल्या.

"मला पुस्तक नकोय, वहिनी."

"मग दुसरा चहा घ्या."

साडेबाराला उस्ताद म्हणाला, "ती येणार नाही. पायाला लागलं असेल, घरी बसली असेल." आवाज कडक होता, पण नजर दाराकडे होती.  वहिनींनी टेबलावरची हत्यारं एका रांगेत लावायला घेतली. रापी, आरी, भोकं पाडायचा ठोकणा, धाग्याची रिळं. शब्द दिला होता. रांग लावून झाली आणि त्या बूटवाल्याच्या पिशवीचं तोंड उघडू लागल्या.

एक वाजून वीस मिनिटांनी बोळात पोलादाचा आवाज आला. टक, आणि पाय ओढल्याचा, आणि परत टक. वहिनींचा हात पिशवीत होता, तिथेच थांबला.

बाई आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "आज नव्या पुस्तकांचे गठ्ठे आले होते. सगळे वरच्या फळ्यांवर लावायचे होते. उशीर झाला." मग वाकून गुडघ्याचा पट्टा सोडला.

वहिनी पुढे झाल्या, पण उस्ताद त्यांच्या आधी उठला. डाव्या हातानं खुर्चीचा आधार घेत खाली बसला. अडतीस वर्षांत त्याला गिऱ्हाइकासमोर असं जमिनीवर बसलेलं मी बघितलं नाही. गुडघ्यामागची जागा बघितली. अंगठा फिरवला. फिकी गुलाबी रेघ होती. 

"दुखतं?"

"नाही."

"रुमाल?"

"कपाटात ठेवून दिला."

उस्ताद थांबला. रेघेकडे बघत राहिला. आमच्या डोळ्यांदेखत ती पुसट होत गेली आणि कातडीच्या रंगात मिसळली.

"वळ नाही," तो म्हणाला. "टेकल्याची खूण आहे. जाते." मग पट्टा हातात घेतला, उलटा केला. "तिसरा टाका नीट ओढला नाहीस. धागा इथे सैल आहे."

"पुढच्या जोडीत बघते," वहिनी म्हणाल्या.

"पुढच्या जोडीत कशाला, आत्ताच उसव. बाई बसल्यात तोवर होईल." आणि उठता उठता बूटवाल्याला म्हणाला, "हत्यारं मोकळी नाहीत रे."

"मग मला साडेतीन तास बसवलंत कशाला?"

"चहा घेतलास ना दोनदा."

बूटवाला वैतागला, पण हसला. पिशवी उचलायला गेला तर तिचा पट्टा कडीपाशी तुटत आलेला. वहिनींनी तो आधीच बघून ठेवला होता. "ही राहू द्या इथे," त्या म्हणाल्या. "बुधवारी न्या." न्यायला आलेला माणूस आपलीच पिशवी ठेवून मोकळ्या हातांनी गेला.

याला आता आठ महिने झाले. टेबल वहिनींचं आहे. रोज सकाळी नऊ ते दुपारी एक, मग तीन ते सहा. हात अजून उस्तादइतका सरळ नाही, हे त्या स्वतःच सांगतात, आणि जे जमलं नाही ते गिऱ्हाइकाला दाखवून सांगतात. उस्ताद डाव्या हातानं कागदाचे नमुने कापायला शिकतोय. पहिले नमुने कोंबडीनं उकरल्यासारखे यायचे, आता ओळखू येतात. दोघं दिवसभर भांडतात. बाईंची दुसरी जोडीही झाली. दर महिन्याला त्या बक्कलांवर मेणाचा हात फिरवून घ्यायला येतात. ते माझ्यामुळे लागतं, म्हणून ते काम मी करतो. न सांगता.

बाकी मला पुसायचं काम आहे. धुतलेलं फडक्यानं कोरडं करायचं आणि पत्र्यावर मांडायचं. ब्रश अजून दिलेला नाही. पण गेल्या आठवड्यात वहिनींनी एका बॅगेचं बक्कल, कोरडं, न धुतलेलं, माझ्या हातात ठेवलं. "बघा आणि सांगा."

मी खिडकीशी गेलो. चष्मा पुसला. चांगली दहा मिनिटं बघितलं.

"उजव्या कडेला झिजलंय," मी म्हणालो.

"मग?"

"मग माणूस डावरा असणार."

"बाई आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि डावरी नाही. त्या बाजूला कडेवर मूल असतं. पट्टा दोन बोटं लांब धरायचा, म्हणजे मुलाच्या पायाला बॅग लागत नाही."

उस्ताद भिंतीजवळून कात्री घेऊन पुढे सरकला. "किती म्हणालीस? दोन?"

"दोन," त्या म्हणाल्या आणि पाणी कोमट करायला मोरीकडे गेल्या.